तुमच्या चिठ्ठ्या मी बदलत होतो

डॉक्टर, परवा तुमचा बारावा झाला. आज दवाखान्याचं दार मी उघडलं, पण रोग्यांसाठी नव्हे. पुण्याहून कुणी नवे डॉक्टर ही जागा घेणार आहेत, त्याआधी बाटल्या पुसून, लेबलं बघून ठेवावीत असं वहिनी म्हणाल्या. पहिली फळी पुसून झाली आणि पुढे माझ्याच्यानं होईना. तुमच्याशी एक बोलणं राहिलं आहे. ते झाल्याशिवाय हात चालतील असं वाटत नाही, म्हणून तुमच्याच टेबलाशी बसून लिहितो आहे. खुर्चीत नाही, रोग्याच्या स्टुलावर.

तुम्ही कुठे शिकलात, चिंचवडात कधी आलात, तुमच्यामुळे किती घरं सावरली, हे देवळापुढच्या सभेत लोकांनी सांगितलं. चांगलं बोलले सगळे. मलाही दोन शब्द बोल म्हणाले होते. मी हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, कंपाउंडरला गहिवरून आलं. गहिवर होताच, पण त्याहून जास्त भीती होती. तोंड उघडलं तर भलतंच काही बाहेर पडेल अशी भीती. कारण गेल्या गणपतीनंतर तुमच्या औषधांच्या चिठ्ठ्या मी बदलत होतो, आणि हे त्या मांडवात कुणालाही ठाऊक नाही असं मी समजत होतो.

सुरुवात तहानेपासून झाली. आपला माठ मी सकाळी भरायचो, तो रोग्यांसकट संध्याकाळपर्यंत पुरायचा. त्या दिवसांत दहाच्या सुमारालाच तळ दिसायला लागला. दोन रोग्यांच्या मधे तुम्ही उठून मागे जायचात आणि येताना तांब्या तोंडाला लावूनच यायचात. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला मागच्या खोलीत बोलावलंत, लघवीची परीक्षानळी हातात दिलीत आणि म्हणालात, "बघ रे, साखर असणार." निळं औषध घालून मी नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. साखर असती तर रंग हिरवा, पिवळा, विटकरी असा बदलत गेला असता. तो निळाच राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, त्यानंतर आणखी दोनदा. शेवटच्या वेळी तुम्ही नळी माझ्या हातातून घेऊन खिडकीच्या उजेडात धरलीत.

"साखर नाही," मी म्हणालो.

"दिसतंय मला," तुम्ही म्हणालात.

इतक्या वर्षांत तो आवाज मी तुमच्या तोंडून ऐकला नव्हता. साखर निघाली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं. साखरेला नाव होतं, औषध होतं. या तहानेला आपल्या दवाखान्यात नावच नव्हतं.

पुढे भूक गेली. पोट आठ-आठ दिवस साफ होईना. पाठ दुखते, मांड्या दुखतात म्हणायचात. खोकला तर सिगारेटमुळे कायमचाच होता, त्याच्याकडे ना तुम्ही लक्ष दिलंत ना मी. आम्ही सगळ्यांनी थकव्याला दोष दिला. पिंपरीला औषधाचा तो मोठा कारखाना उभा राहत होता, बांधकामावर साताऱ्याची, नगरची, कोकणातली माणसं आली होती, निर्वासितांच्या वसाहतीतूनही रोगी यायचे. बाकड्यावर जागा नसायची. एवढं काम केल्यावर कुणीही थकेल. ताकदीसाठी कॅल्शियमची इंजेक्शनं घ्यायचं तुम्हीच ठरवलंत. शिरेतून सावकाश द्यायचं, अंगभर ऊब पसरते, रोग्यांना ते फार आवडायचं. तुमच्या हाताला दोरी बांधून मी तशी सहा इंजेक्शनं तुम्हाला दिली. सहाव्या वेळी तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "छान वाटतंय."

पहिली चुकीची चिठ्ठी पोटात कळा येणाऱ्या एका बाईची. विषारी बेलाडोनाचे पाच थेंब हवेत तिथे पन्नास लिहिलेले. मला वाटलं, घाईत शून्य पडलं. मी चिठ्ठी घेऊन आत आलो, तुम्ही बघितलीत, हसलात, शून्य खोडलंत. "डोळे उघडे आहेत ना तुझे, मग झालं," म्हणालात. मला बरं वाटलं. तुम्ही मला असंच शिकवलं होतंत. एकोणीस वर्षांचा असताना बाटल्या धुवायला आलेल्या मला तुम्ही अक्षर लावायला शिकवलंत, तोलायला शिकवलंत. विषारी औषध तोलताना कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, आणि अशा औषधाची प्रत्येक पुडी वेगळी तोलायची, ढीग करून अंदाजाने वाटायची नाही. माझी बायको विषमज्वरात होती तेव्हा तीन दुपारी तुम्ही आमच्या घरी येऊन बसलात. चौथ्या दिवशी तिने पेज मागितली आणि तुम्ही चपला घालून निघून गेलात. हे सगळं होतं म्हणूनच पुढे जे केलं ते मला करता आलं. आणि म्हणूनच ते चुकलं असंही आता वाटतं.

दुसरी चिठ्ठी आठवड्यानं. तिसरी दोन दिवसांनी. कधी प्रमाण चुकलेलं, कधी एकाच रोग्याला एक औषध झोपेचं आणि दुसरं जागं ठेवणारं. एका म्हाताऱ्याला तुम्ही त्याच्या भावाच्या नावानं हाक मारलीत आणि तो भाऊ चार वर्षांपूर्वी वारला होता. मी आत जाऊन विचारायचं बंद केलं. दोनदा विचारलं तेव्हा तुम्ही कागदाकडे बघत बसलात, आपणच काय लिहिलं आहे हे तुम्हाला लागत नव्हतं, आणि तुमचा तो चेहरा पुन्हा बघायची माझी छाती झाली नाही. मग मी पडद्यामागे उभा राहून तुम्ही रोग्याला काय विचारता ते ऐकायचो, रोग काय असेल ते मनाशी ठरवायचो आणि इतक्या वर्षांत तुम्ही अशा रोग्याला काय दिलं होतंत ते आठवून तेच द्यायचो. चिठ्ठी चुरगाळून चुलीत. डॉक्टर, मी सातवी पास माणूस. रोज सकाळी कुलूप काढताना एकच विचार. आज कोण येईल, तुम्ही काय लिहाल, आणि माझ्या नजरेतून काय निसटेल.

तसं मी कुणालाच सांगितलं नाही हे खरं नाही. वहिनींना सांगायला गेलो होतो. दुपारची वेळ, त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. "डॉक्टरांना जरा विश्रांती हवी," एवढंच माझ्या तोंडून निघालं. त्यांचा हात सुपातच थांबला. त्या म्हणाल्या की परवा तुम्ही दारात येऊन उभे राहिलात आणि हे घर कुणाचं म्हणून त्यांनाच विचारलंत. मग लगेच हसलात, थट्टा केली म्हणालात. त्यांना ती थट्टा वाटली नव्हती. "तुम्ही कुणाला बोलू नका हं, सखाराम," त्या म्हणाल्या. "लोकांना कळलं तर कोण येईल दवाखान्यात?" मी मान हलवली. आम्ही दोघांनी त्या दुपारी ठरवलं नाही, पण ठरलं. तुम्हाला झाकायचं. त्या घरात झाकत होत्या, मी दवाखान्यात. त्याच वेळी तुम्हाला पुण्याला नेलं असतं तर काय झालं असतं ते मला कळत नाही, आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरांना विचारायचं धैर्य मला झालं नाही.

दिवाळीनंतरचा तो सोमवार तुम्हाला आठवत नव्हता. मला आठवतो. बांधकामावरची एक बाई दीड वर्षाच्या मुलीला खोकल्यासाठी घेऊन आली. चिठ्ठीत अफूचा अर्क होता, तोही मोठ्या माणसाचा. ते पाजलं असतं तर मुलगी झोपली असती आणि उठली नसती. मी साधं खोकल्याचं सरबत बाटलीत भरत होतो, तेवढ्यात तुम्ही मागच्या खोलीत आलात. कित्येक वर्षांत औषध बनत असताना तुम्ही आत आला नव्हतात. बाटली हातात घेऊन हुंगलीत आणि यात अर्क कुठे आहे म्हणून विचारलंत. मी हळूच म्हणालो, मुलगी दीड वर्षाची आहे. तुम्ही म्हणालात, लिहिलंय ते घाल. मी नाही म्हणालो. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

पडदा अर्धा उघडा होता आणि बाकड्यावर दहा-बारा माणसं होती. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "अठरा वर्षं बाटल्या धुतल्या म्हणून कुणी डॉक्टर होत नाही, सखाराम," तुम्ही म्हणालात. "तू धुणाराच राहिलास."

मग तुम्ही स्वतःच अर्काच्या बाटलीला हात घातलात. मी ती बाटली तुमच्या बोटांतून काढून घेतली. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मला वाटलं, आता मारतील. पण तुम्ही वळलात, खुर्चीत जाऊन बसलात आणि पाणी मागितलंत. मी आणून दिलं. त्या बाईला सरबत दिलं, ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या तुम्ही विचारलंत, "काल मी कुणावर रागावलो होतो का रे?" मी म्हणालो, नाही. हे माझं पहिलं खोटं. ते शब्द तुमचे होते की आजाराचे, हे मला तेव्हा कळलं नाही आणि पुढे तुम्हाला विचारता आलं नाही. आजाराचे असतील असं मी धरून चालतो. पण माणूस भान सुटल्यावर जे बोलतो ते कुठून तरी येतच असेल, अशी एक शंका आहे, आणि ती जात नाही.

आता मुख्य गोष्ट. मार्गशीर्षात सांगवीला माझ्या भाचीची सुपारी फुटायची होती. मामाशिवाय अडलं असतं. मी जायला तयार नव्हतो. वहिनी म्हणाल्या, जा, एक दिवस दवाखाना बंद ठेवू, मी त्यांना घरात गुंतवून ठेवते. किल्ली मी त्यांच्याजवळ देऊन गेलो. पण तुमच्याकडे दुसरी किल्ली होती, आणि वहिनी पाणी भरायला गेल्या तेवढ्यात तुम्ही नेहमीसारखा कोट चढवून बाहेर पडलात.

मी संध्याकाळी परत आलो तर दवाखान्याचं दार सताड उघडं. तुम्ही तपासायच्या बाकावर आडवे होतात. मला वाटलं, झोप लागली. हाक मारली, हलवलं, चिमटा काढला. डोळे अर्धवट उघडले आणि मिटले. जीभ कोरडी, लाकडासारखी. मी आत पाणी आणायला धावलो तर टेबलावर तराजू मांडलेला. शेजारी डिजिटॅलिसच्या पानांची पूड भरलेली बरणी, झाकण काढलेली. एका पारड्यात वजन तसंच राहिलेलं. दहा ग्रेनचं. कापलेल्या कागदाचे तुकडे खाली पडलेले.

डिजिटॅलिसची पुडी एक ग्रेनची, म्हणजे अर्ध्या गुंजेएवढी, असते. हृदयाला ती तारते. दहा ग्रेनच्या तीन पुड्या एका दिवसात पोटात गेल्या तर ते हृदय थांबतं. हे तुम्हीच मला शिकवलं होतंत.

समोरच्या शिंप्याला विचारलं, आज कोण आलं होतं? तो म्हणाला, दिवसभरात एकच माणूस. चिखलीच्या धोंडिबाची सून. सासऱ्याचे पाय पुन्हा सुजले म्हणून औषध घेऊन गेली, दुपारीच.

म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं, डॉक्टर. नाव, गाव, औषध, सगळं. शिंप्याला सायकलवर पाठवलं असतं तर तासाभरात तो चिखलीला पोचला असता. पण मी कारखान्याच्या बांधकामावर धावलो, तिथल्या ठेकेदाराची मोटार मिळवली, तुम्हाला आणि वहिनींना तिच्यात घातलं आणि पुण्याला निघालो. तुम्ही मरणाच्या दारात होतात, दुसरं काही सुचलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. पण मोटारीत बसल्यावर सुचलं होतं. वाटेत मोटार थांबवता आली असती. दुसऱ्या दिवशी माणूस पाठवता आला असता. मी पाठवला नाही. म्हातारा मेला असेल तर आता जाऊन काय उपयोग, आणि जिवंत असेल तर पुड्या परत का मागता म्हणून विचारतील, मग सगळंच बाहेर येईल. तुमचं नाव जाईल. माझंही जाईल, कारण तीन महिने मला माहीत होतं. चिखलीहून बातमी आली नाही म्हणजे तो जिवंत असणार, असं मी मनाला समजवायचो. आणि बातमी येईल म्हणून चिखलीचा माणूस दिसला की दुसऱ्या गल्लीत शिरायचो.

पुण्यात त्यांनी तुमचं रक्त तपासलं. छातीचा फोटो काढला. डाव्या फुप्फुसात लिंबाएवढी गाठ होती. पण तुमची शुद्ध गेली होती ती गाठीच्या दाबानं नाही, हे मोठ्या डॉक्टरांनी वहिनींना आणि मला बाहेर उभं करून सांगितलं. रक्तातलं कॅल्शियम वाढलं होतं. माणसाचं दहाच्या आसपास असतं, तुमचं सोळा. त्यानेच तहान, त्यानेच लघवी, त्यानेच भ्रम. तुमच्यावर दुसरे काही उपचार झाले होते का, असं त्यांनी विचारलं. मी वहिनींकडे बघितलं नाही. सहा इंजेक्शनं, मी म्हणालो, कॅल्शियमची, माझ्या हातची. त्यांनी ते कागदावर टिपलं. मग म्हणाले, "त्याने भर पडली असेल, पण एवढं त्याने होत नाही. हे कुणी बाहेरून घातलेलं नाही. आतून येतंय."

नसेतून मिठाचं पाणी बाटल्यांमागून बाटल्या चालू होतं. पाचव्या दिवशी तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "वहिनींना चहा मिळाला का?" स्वतःच्या बायकोला तुम्ही वहिनी म्हणालात, माझ्या तोंडचं ऐकून, आणि आपलं आपल्यालाच हसू आलं तुम्हाला. त्या पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. तुम्ही परत आला होतात. नऊ दिवस.

त्या नऊ दिवसांबद्दल मी देवाचा ऋणी आहे आणि त्याच नऊ दिवसांची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. तुम्ही फोटो मागवून घेतलात, खिडकीकडे धरलात, रोग्याचा फोटो बघावा तसा शांतपणे बघितलात. मग मला उशाशी बसवलंत आणि शिकवायला लागलात, जसं पहिल्या वर्षी शिकवायचात. माणसाच्या गळ्यात गव्हाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यांचा रस रक्तात उतरतो आणि हाडातलं कॅल्शियम किती बाहेर काढायचं ते ठरवतो. तुमच्या त्या ग्रंथींना काही झालेलं नव्हतं. हाडांच्या फोटोतही कुठे गाठ पसरलेली दिसत नव्हती. मग कॅल्शियम काढत कोण होतं? बाहेरच्या देशात काही डॉक्टरांना संशय आहे, तुम्ही म्हणालात, की अशी एखादी गाठ स्वतःच त्या ग्रंथीसारखा रस तयार करते. तो रस अजून कुणी बाटलीत धरलेला नाही. नुसता तर्क आहे.

"म्हणजे गाठ फुप्फुसात बसून गळ्याचं काम करते," तुम्ही म्हणालात. "अधिकार नसताना हुकूम सोडते, आणि हाडं बिचारी ऐकतात. आणि आपण दोघं वरून इंजेक्शनं देत होतो." तुम्ही हसलात. मला हसता आलं नाही.

गाठ कापता येणार नव्हती. ती आहे तोवर रस येणार, मिठाच्या पाण्यानं काही दिवस धुवून निघेल आणि पुन्हा चढेल, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुम्हाला मरणाची भीती वाटत होती की नाही ते मी सांगू शकत नाही. पण पुन्हा तसं व्हायची वाटत होती. दर सकाळी तुम्ही मला वार विचारायला लावायचात, सतरातून आठ गेले तर किती ते विचारायला लावायचात. उत्तर बरोबर आलं की म्हणायचात, "आज आहे मी."

सातव्या दिवशी दुपारी वहिनी धर्मशाळेत जेवायला गेल्या होत्या. तुम्ही माझा हात धरलात आणि विचारलंत की गणपतीनंतर तुम्ही लिहिलेल्या चिठ्ठ्यांचं काय झालं. मला वाटलं होतं, हे तुम्ही कधीच विचारणार नाही. मी म्हणालो, काही चुका होत्या, मी बदलून देत होतो. तुम्ही मान हलवलीत. रागावला नाहीत. तुम्हाला ते आधीच कळलं असावं.

"माझ्या हातून कुणी मेलं का, सखाराम?"

"नाही."

"तू सगळ्या बघितल्यास?"

"सगळ्या."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. "एखादा राहिला असेल तर सांग," तुम्ही म्हणालात. "मी शुद्धीवर आहे तोवर सांग. तोवर काहीतरी करता येईल."

ते सांगायची वेळ तीच होती. चिखली, धोंडिबा, दहा ग्रेन. चारच शब्द. तुम्ही उठून बसला असतात, मला ताबडतोब पाठवलं असतंत, चिठ्ठी लिहून दिली असतीत. पण इतके दिवस उलटून गेले होते. जर तो गेलाच असेल तर उरलेले दोन-चार शुद्धीचे दिवस तुम्ही त्या म्हाताऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून काढले असते. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर मी घाबरलो होतो. "कुणी राहिलेलं नाही, डॉक्टर," मी म्हणालो. तुम्ही हात सोडलात आणि भिंतीकडे तोंड केलंत. माझं खरं वाटलं तुम्हाला? मला वाटत नाही.

दहाव्या सकाळी सतरातून आठ गेले तर किती, ते तुम्हाला सांगता आलं नाही. तुम्ही प्रयत्न करत राहिलात. मग पाणी मागितलंत. त्यानंतरचं मी लिहीत नाही.

तुम्हाला चिंचवडात आणलं. घाटावर सगळा गाव होता, चिखलीचीही माणसं होती. त्यांच्यात एकाचं डोकं नुकतंच केलेलं, तुळतुळीत. तो पाठमोरा होता. धोंडिबाचा मुलगा असाच धिप्पाड आहे. मी पुढे जाऊन तोंड बघितलं नाही. चिता पेटली तेव्हा सगळे तुमच्याकडे बघत होते आणि मी त्या डोक्याकडे बघत होतो, याची मला लाज वाटते. तेरा दिवस ते डोकं माझ्यासमोर होतं.

आज सकाळी मी सायकल काढली. इंद्रायणीच्या अंगाला त्यांचा मळा आहे, वाट मला पाठ होती, आपण दोघं किती वेळा गेलोय. लांबून ओसरी दिसली आणि मी सायकलवरून उतरलो. ओसरीवर कुणी नव्हतं. गोठ्यात एक बाई शेण काढत होती. मला बघून तिनं पदर सावरला. धोंडिबाची सून, तुळसा. कपाळाला कुंकू होतं, पण त्यावरून सासऱ्याचं काय कळणार?

"या की आत," ती म्हणाली. "मामा झोपल्यात. कवाधरनं वाट बघतोय तुमची."

धोंडिबा भिंतीला टेकून, पाच-सहा उशा-वाकळा पाठीशी घेऊन बसल्या बसल्या झोपला होता. पाय हत्तीसारखे सुजलेले. पण छाती वरखाली होत होती. मी तिथेच जमिनीवर बसलो. तुळसानं पाणी दिलं. मग ती आत जाऊन एक पत्र्याची डबी घेऊन आली. डबीत पंधरा पुड्या होत्या. एकही उघडलेली नव्हती.

मी विचारलं, का दिल्या नाहीत. ती खाली बघत बोलत होती. त्या दिवशी तुम्ही तिला ओळखलं नव्हतंत. तिला दोनदा तिच्या सासूच्या नावानं हाक मारलीत आणि पुड्या बांधताना तुमच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तुम्ही पुसतही नव्हतात. तिला भीती वाटली होती. पण भीती वाटली म्हणून तिनं पुड्या ठेवल्या नव्हत्या.

"डाक्टरचं काय तरी बिघडलंय ह्ये समद्यास्नी ठावं व्हतं," ती म्हणाली. "पिंपरीच्या बायाबी बोलायच्या. पर तुमी औशिद बघून देता, म्हणून समदी येत व्हती. त्या दिशी तुमी न्हवता. म्हणून म्या दिल्या न्हाईत. म्हनलं, तुमी आल्यावर इचारू."

सगळ्यांना ठाऊक होतं, डॉक्टर. पडदा ओढून मी जे झाकत होतो ते बाकड्यावरच्या प्रत्येक माणसाला दिसत होतं. तरी ते येत राहिले. तुमच्यासमोर जीभ काढून दाखवत राहिले, तुमच्या चिठ्ठीला नमस्कार करून ती माझ्याकडे आणत राहिले. कुणीही तुम्हाला कळू दिलं नाही. मलाही नाही.

तेवढ्यात धोंडिबाला जाग आली. माझा हात हातात घेऊन त्यानं तुमचं विचारलं, काय झालं होतं नेमकं. मी जमेल तसं सांगितलं, छातीतली गाठ, तिचा तो रस, हाडातून निघालेलं कॅल्शियम, डोक्याला चढलेला भ्रम. त्याला धाप लागत होती, तरी त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मंजी शेवटाला डाक्टर बोलतच नव्हता," तो म्हणाला. "त्यी गाठ बोलत व्हती."

मी हो म्हणालो. तसं असावं अशी माझीही इच्छा आहे.

डबी घेऊन मी परत आलो आणि इथे तराजू मांडला. तुम्ही त्या दिवशी पुड्यांत भर म्हणून घालतात ती दुधाची साखर मिसळायला विसरला होतात, नुसती हिरवी पूड होती, त्यामुळे तोलणं सोपं गेलं. दार लावून घेतलं, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही म्हणून. पहिली तोलली. दहा ग्रेन. दुसरी, दहा. पंधराही तोलल्या. एकीतही कणाचा फरक नव्हता. प्रत्येक पुडी तुम्ही वेगळी तोलली होतीत, डोळ्यांतून पाणी गळत असताना.

तुम्ही मला विचारलं होतंत आणि मी खोटं बोललो होतो. खरं उत्तर आता देतो, डॉक्टर. एक राहिला होता. त्याच्या पुड्या दहा ग्रेनच्या होत्या. त्याला मारायला एक दिवस पुरला असता. तुमच्या हातून तो मेला नाही, पण माझ्या भीतीपायी इतके आठवडे औषधाविना सुजत बसला. उद्या सकाळी त्यांची बैलगाडी येणार आहे. तिच्यातून त्याला चिंचवडाच्या स्टेशनपर्यंत आणि तिथून पुण्याच्या इस्पितळात मी स्वतः घेऊन जातो आहे. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं तर या पुड्या कुणी दिल्या, कधी दिल्या आणि मी इतके दिवस गप्प का होतो, ते सगळं सांगणार आहे.